बंबात गेलेले बूट

बाबा, आपला माल पास झाला. आज दुपारी कारखान्यातून फोन आला आणि साठीला टेकलेल्या तुमच्या मुलीनं मुलुंडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दहा-बारा बायकांसमोर, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. माझ्या लहानपणच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी ऐकली असती तर मला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण ही शिट्टी तुम्हीच शिकवलेली, बॉयलर हाऊसच्या गोंगाटात माणसाला हाक मारायची, आणि आज ती हाक तुमच्यासाठीच होती.

कसला माल ते सांगते. शाळेतली नोकरी संपल्यावर मी सोसायटीच्या कचऱ्यात लक्ष घातलं, ओला वेगळा, सुका वेगळा, असं घरोघरी सांगत फिरले आणि फिरता फिरता वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या शेडवर पोचले. तिथे बायका दिवसभर कचरा निवडतात. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा विकला जातो. वेफरच्या पिशव्या, चिंध्या, फाटक्या चपला मात्र कोणी घेत नाही. त्या डंपिंग ग्राउंडवर जायच्या. आता सरकारनं नियम केलाय, बाबा! ज्या कारखान्यांत कोळसा जळतो, त्यांनी त्यातला काही वाटा कमी करायचा आणि त्याजागी अशा उरलेल्या कचऱ्यापासून केलेलं इंधन जाळायचं, आणि हा वाटा वर्षागणिक वाढवत न्यायचा. ती बातमी मी सकाळी वाचली आणि पुढ्यातला चहा तसाच गार झाला. मला आठवला तुमचा तो दिवस. मी तुमचा डबा घेऊन भांडुपच्या कारखान्यात आले होते आणि तुम्ही साहेबांना सांगत होतात की शेजारच्या गिरणीतला भुसा आणि चिंध्या कोळशात थोड्या मिसळून बघू या, जळतात चांगल्या. साहेब हसले. म्हणाले, "अरे, हा काय तुझ्या घरचा बंब आहे का?" आजूबाजूचेही हसले. तुम्ही हातातलं फडकं झटकलंत आणि माझ्याकडे न बघता डबा घेतलात. बाबा, आज सरकार तेच म्हणतंय, आणि तुम्ही ऐकायला नाही!

पण पास होणं सोपं नव्हतं. चेंबूरच्या एका कारखान्यानं आमचा नमुना मागवला आणि तो नापास झाला. तिथल्या बॉयलरवरची इंजिनीअर मुलगी स्वतः शेडवर आली. "मॅडम, यात क्लोरीन खूप आहे. रेक्झिन, रेनकोट, पाइपचे तुकडे, असलं काही जातंय. आमच्या बॉयलरची वाट लागेल, आणि धूर विषारी. अजून एकदा बघते, मग दुसरीकडून घेईन." ती गेली. कारखान्याला नियमित माल जाणार म्हणूनच शेड चालू ठेवायची ठरली होती; नाहीतर टाळं लागणार होतं. बायकांची मुकादम मावशी म्हणाली, "टाळं लागलं तर लागू दे. माझी बहीण चेंबूरला त्याच कारखान्याच्या चिमणीखाली राहते. घाण पाठवलीत आणि तिची नातवंडं खोकली, तर मी तुम्हाला शोधत येईन हां, मॅडम." तिचं खरं होतं. पण सगळं प्लास्टिक हाताला सारखंच लागतं, निवडायचं कसं? आणि मग एकदम मला आपली मोरी दिसली.

मी दहा वर्षांची आहे. पावसाळा आहे. वर्गातल्या मुलींना पट्ट्याचे काळे बूट आहेत आणि मला दादाचे लहान झालेले तपकिरी प्लास्टिकचे, चालताना फचफच वाजणारे. मोरीच्या दाराशी पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटलाय, त्यात तुम्ही नारळाची सोडणं, करवंट्या, जुन्या टोपलीचे तुकडे घालता. त्या सकाळी बंबातून काळा, डोळे चुरचुरवणारा धूर येतो आणि अख्खी चाळ खोकत बाहेर निघते. "ह्यां काय केलंस गो?" तुम्ही ओरडता. तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. मी म्हणते, बूट बंबावर सुकत ठेवले होते, ते आत पडले. तुम्ही काही वेळ बंबाकडे बघता. मग चिमट्यानं अर्धवट जळका बूट काढता, त्याचा तुकडा कापता, पाण्याच्या बादलीत टाकता. तो बुडतो. साखरेच्या प्लास्टिक पिशवीचा तुकडा टाकता, तो तरंगतो. "बघ. बुडता ता भट्टीत नाय. बंबात जाता ता सगळ्यांच्या नाकात येता." रविवारी तुम्ही मला घाटकोपरला नेऊन पट्ट्याचे काळे बूट घेतलेत.

तर आम्ही शेडमध्ये बादली मांडली. त्या बुटांसारखं क्लोरीनवालं प्लास्टिक जड असतं, ते पाण्यात बुडतं. शंका येईल त्या प्लास्टिकचा चिमटीएवढा तुकडा पाण्यात; बुडाला की तो सगळा ढीग बाजूला. दोन दिवसांत बायकांच्या बोटांना इतकी सवय झाली की पाण्याची गरजच उरली नाही. त्याच मालाचा आज फोन आला. इंजिनीअर मुलीनं विचारलं, "मॅडम, ही बादलीची युक्ती कुठे शिकलात?" मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला आणि छाती फुगवून सांगितलं, माझे वडील बॉयलर अटेंडंट होते, एकदा माझे बूट चुकून बंबात पडले तेव्हा त्यांनी शिकवलं. फोन ठेवला आणि मावशी हसत सुटली. "चुकून? आमच्या गावाला पण बंब होता, मॅडम. केवढंसं ते तोंड! त्यात दोन्ही बूट आपोआप पडले? कोणाला सांगताय!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र तेच मनात घोळत राहिलं. मावशीला जे एका क्षणात कळलं, ते जन्मभर आगीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाला कळलं नसेल? तुम्ही बंबाकडे बघत गप्प झालात, ते त्याचमुळे ना? आणि तरीही घाटकोपरला नेलंत.

हा कागद पोस्टात जाणार नाही आणि सुक्या कचऱ्यातही जाणार नाही; तुमच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवीन. एवढंच लिहायचं होतं. बूट पडले नव्हते, बाबा. मी टाकले होते. आधी डावा, आणि उजवा अडकला तेव्हा लाकडानं ढकलून.