गळती वरच्या झाकणात होती

ताई,

दुपारी साडेतीनला मोटरसायकलची ऑइलची गळती सापडली. इंजिन शाबूत आहे. तुझ्या मेकॅनिकने खालचा थेंब बघितला, "काका, इंजिन उघडावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका" म्हणाला, आणि तू लगेच आज सहाचं गिऱ्हाईक ठरवलंस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मी इंजिन रॉकेलने धुतलं, कोरडं पुसलं, वर तुझ्या आईची पावडर शिंपडली आणि दहा मिनिटं सुरू ठेवलं. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटली. ती सगळ्यात वरच्या टॅपेटच्या झाकणापासून खाली ओघळत आली होती. झाकणातली रबरी रिंग चपटी झाली होती. नवी माझ्या खणात होतीच, ती बसवली. इंजिन पुन्हा पुसून उरलेली पावडर मारली.

आता चालवून बघणं भाग आहे. किल्ली तू औषधांच्या डब्यात लपवली होतीस. माझ्या गोळ्याही त्यातच असतात, हे विसरलीस; सकाळीच सापडली. गेल्या महिन्यात मी वाळूवर घसरलो, वयामुळे पडलो नाही. पण ते भांडण परत आल्यावर. गुडघ्याला पट्टा बांधलाय. आईला म्हटलं, तू घरी थांब. ती म्हणाली, "पावडर माझी संपली, तेव्हा मागे मीच बसणार."

गिऱ्हाईक आलं तर पाणी दे, शब्द देऊ नकोस.

चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. आई मागे बसली आहे, इंजिन सुरू आहे. आत्ताच वाकून पाहिलं, पावडर अजून कोरडी आहे.

बाबा