साबण लावून चढवलेल्या बांगड्या

आई, काल नातीला पहिल्यांदा नाचणीची पेज भरवली आणि तुझा चुना आठवला. माझ्या पाठीवर तुला पुन्हा दिवस गेले होते तेव्हा वाकोल्याच्या खोलीत तू आजीच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन चाटायचीस. एकदा आजीने बघितलं आणि तुझ्या हातावर फटका मारला. "दूध नको म्हणतेस नि चुना बरा गोड लागतो!" दूध चहापुरतंच यायचं आणि तू ते आमच्यासाठी ठेवायचीस, हे तिला दिसत नव्हतं थोडंच. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या तुझ्या हातात चढेनात. आत्याने साबण लावून चढवल्या. "पोराआधी आईनेच बाळसं धरलंय गं!" म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. तू कपाळ दाबत बसली होतीस. त्याच आठवड्यात तुला झटके आले आणि हॉस्पिटलातून ना तू परत आलीस, ना बाळ. दृष्ट लागली, एवढंच मला सांगितलं. दृष्टीचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी सुनेचं डोहाळजेवण होतं, घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. महिन्यापूर्वी माप देऊन आणलेल्या बांगड्या तिच्या हातात अडकल्या. शेजारीण म्हणाली, "साबण लावा ना थोडा." मी तिचा हात हातात घेऊन बघितला, सुजला होता. "डोकं दुखतंय का गं?"

"सकाळपासून. डोळ्यांपुढे पण चमकतंय. दगदग झाली हो, बाकी काही नाही."

"चल, ऊठ."

मुलगा वैतागला. "आई, लोक जेवायला बसलेत यार!"

"बसू देत. तू रिक्षा बघ."

अंगावरच्या फुलांसकट तिला नेलं. बीपी भलतंच वाढलेलं. बाळ वेळेआधी काढावं लागलं, पण दोघी सुखरूप घरी आल्या. नंतर डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्यांचं विचारलं तेव्हा कळलं. दूध तिला आवडत नाही आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये तशाच. "नुसतं तेच कारण नसतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की धोका वाढतो." चुन्यातही कॅल्शियमच; तुझं शरीर तो का मागत होतं, कोण जाणे. पण तुझ्या हातावरचा तो फटका मला आत्ता, साठीत लागला.

नात उठलीय, हे इथेच ठेवते. सगळे म्हणतात, सासूबाई किती सावध. सावध कसली! रिक्षात बसवताना सुनेचा सुजलेला हात धरून मी म्हणाले होते, "आई, चल लवकर." तिने माझ्याकडे बघितलं, पण विचारलं काही नाही. मीही अजून कुणाला सांगितलेलं नाही.