दोन मिलिमीटरचा शोध

३ मार्च, सोमवार
सर्दी. तरी लॅबमध्ये गेलो, कारण माझ्याशिवाय तिथे डोकं चालवणारं कोणी नाही. विभागप्रमुखाची खुर्ची महिनाअखेर रिकामी होतेय. वीस तारखेला कमिटीला प्रयोग दाखवायचा, की ती माझी.
संकल्प: रोज पहाटे वाचन. मूर्खांवर चिडायचं नाही.

४ मार्च
आठला जाग आली. बायकोनं सर्दीवर म्हणून डब्यात संत्रं दिलं. वर म्हणे, खाल्ल्यावर हात धुवा. तीस वर्षं मेंदूचा अभ्यास केलेल्या माणसाला ही शिकवणी!

६ मार्च, सकाळी ११:१०
शोध! पुस्तकं सांगतात, मेंदूतली पेशी रसायन सोडते, ते शेजारणीपर्यंत झिरपतं आणि केसभर अंतर जायच्या आत विरतं. थापा. बशीतल्या मेंदूच्या कापापासून रसायन मोजायची सुई चांगली दोन मिलिमीटर लांब होती. संत्रं संपवलं, सुई बोटानं जरा सरळ केली, तोच पडद्यावर रेघ उसळली! रसायन एवढं लांब जातं आणि जगाला पत्ता नाही.

१० मार्च
रोज अकराच्या ठोक्याला रेघ उसळते. मेंदूच्या कापालाही घड्याळ कळतं. हा दुसरा शोध.
लॅबच्या बाई (काम: बशा धुणं, सुया घासणं) म्हणाल्या, एकदा काप न ठेवता नुसत्या पाण्यात मोजून बघू या. मेंदूच नाही तर मोजायचं काय, कपाळ? शिवाय हातमोजे घाला म्हणे. चिडलो नाही. दार फक्त आपटलं.

१४ मार्च
सर्दी गेली, म्हणून बायकोनं संत्रं दिलं नाही. रेघ दिवसभर सपाट. बाईंनी सुई नीट घासली नसणार. अशा माणसांत शास्त्र वाढायचं कसं?
बायकोला सांगितलं, संत्रं चालू ठेव. डोकं तरतरीत राहतं.

२० मार्च, दुपारी
कमिटीसमोर संत्रं खाल्लं, सुई सरळ केली. रेघ पडद्याबाहेर जायची बाकी! वीस मिनिटं बोललो. टाळ्या.
मग कमिटीच्या मुख्य साहेबांनी बशीत वाकून विचारलं, काप कुठाय? बाई म्हणाल्या, आज ठेवलाच नाही. आणि त्यांनी माझ्याच डब्यात उरलेल्या संत्र्याच्या फोडीचा थेंब पाण्यात पिळला. रेघ पुन्हा उसळली. संत्र्यातलं सी जीवनसत्त्व सुईला मेंदूच्या रसायनासारखंच दिसतं म्हणे. मलाही हे माहीत होतं. वयाच्या तिसाव्या वर्षी तर मी ते शिकवायचो.
साहेब म्हणाले, म्हणजे तुमचं मेंदूशिवायच चाललंय. कमिटी हसली. बाई हसल्या नाहीत. त्याचाच जास्त राग आला.

२१ मार्च, सकाळी ११
खुर्ची बाहेरच्या कोणाला तरी गेली. डब्यात संत्रं होतं. खाल्लं. बेसिनपाशी गेलो. बाई बशा धूत होत्या. आता त्या बोलणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.
त्यांनी साबणाची वडी माझ्याकडे सरकवली, एवढंच.