न बुडणारी माशी

रीफ्टन,
१७ फेब्रुवारी

प्रिय नेव्हिल,

आधी तक्रार, मग बाकीचं. या देशात हिरवा फोम सुटा मिळत नाही. मिळतो तो दहा रंगांचा गठ्ठा, तोही लहान मुलांच्या हस्तकलेच्या फळीवर, आणि त्या दहांत हिरवा ताव एकच. बाकीच्यांत दोन गुलाबी, एक चमकी लावलेला जांभळा. चमकी लावलेला जांभळा सिकाडा-किडा आपल्या खोऱ्यातल्या कुठल्या झाडावर बसून किर्र करतो, ते त्या कंपनीच्या मालकानं मला एकदा येऊन दाखवावं. गल्ल्यावरच्या मुलीनं गठ्ठा पिशवीत टाकता टाकता विचारलं, "नातवंडांसाठी का?" मी चोपन्न वर्षांचा आहे, नेव्हिल. मी म्हटलं, "नाही, ट्राउट माशांसाठी." ती म्हणाली, "अय्या, किती गोड!"

होय, मी फोम विकत घेतला. हसून घे. मी थांबतो.

वीस वर्षं मी तुझ्या गळावरच्या खोट्या माश्यांची टिंगल केली. तू नोलीनच्या तुटक्या रबरी चपला कापून सिकाडे बांधायचास आणि मी आपल्या मासेमारी क्लबच्या पत्रकात लिहायचो की नेव्हिलची माशी ट्राउट खात नाही, पायात घालून बघतो. लोक खो खो हसायचे. तूही हसायचास, पण तुझं हसू जरा उशिरा यायचं, ते मला दिसायचं. मी मात्र कोंबडीच्या मानेचं एकेक पीस उजेडात धरून निवडणारा कलावंत! माझ्या माश्या भिंगातून बघाव्यात अशा. माशांकडे भिंग नसतं, हा मुद्दा तू एकदाच काढलास आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही.

आता ते पीस माझ्या हातात राहतच नाही. ऑक्टोबरपासून उजवा अंगठा माझं ऐकत नाही. शर्टाच्या एका बटणाला दहा मिनिटं लागतात, आणि कुलपात किल्ली घालायला शेजारीण. क्राइस्टचर्चच्या डॉक्टरीणबाईंनी दिवसभर सुया टोचल्या, तारा लावल्या आणि संध्याकाळी एक लांबलचक नाव सांगितलं. मी विचारलं, "बरं होणारं आहे का?" त्या म्हणाल्या, "आपण तुमची सगळी सोय बघू." सोय! इतकं मऊ 'नाही' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या रात्री यादी केली. हात थांबायच्या आत करायच्या गोष्टींची. यादीत एकच ओळ निघाली, आणि ती तुझ्याबद्दल होती.

म्हणून फोम. तुझी पद्धत मला पाठ होती. टिंगल करायची तर आधी नीट बघावं लागतं. गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याची जाड गादी, नाहीतर फोम तिच्याभोवती गरगर फिरतो. मग शेपटाकडे पट्टी बांधायची, पुढे दुमडून डोकं करायचं, बाजूंना रबराचे पाय आणि पाठीवर नारिंगी तुकडा. तो माशासाठी नाही, आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांसाठी. "दोरा हळू आवळ रे," तू म्हणायचास, "फोम आहे तो, तुझा विद्यार्थी नाही. जास्त आवळलास तर कापेल." पहिले सात मी कापले. आठव्याचे सगळे पाय एकाच बाजूला आले; पाण्यात सोडला असता तर तो बुडत्यासारखा गोल गोल फिरला असता. मला तो फार ओळखीचा वाटला.

आणि तुझी ती केटली! सिकाडा पाण्यावर थपकन पडला, माशानं तोंड उघडलं, की नवखा माणूस दचकून काठी उचलतो आणि माशाच्या तोंडातला घास काढून घेतो. तू शिकवलंस, मासा तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे सावकाश म्हणायचं, "नोलीन, केटली ठेव." मगच काठी उचलायची. सगळ्या नदीभर परकी माणसं तुझ्या बायकोला केटली ठेवायला सांगत होती. ती म्हणायची, "मेल्यांनो, तुमचं ऐकत बसले असते तर एव्हाना नदी आटली असती."

कड्याखालच्या डोहाची ती दुपार तू विसरला नसशील. सहा वर्षं झाली. असाच फेब्रुवारी होता, सिकाड्यांनी कान किटले होते. तू वरच्या वळणावर गेला होतास. डोहात तो मोठा मासा हलत होता आणि मी माझ्या सहा सुंदर माश्या एकामागून एक त्याच्यासमोर नेऊन ठेवल्या. त्यानं एकीकडेही वळून पाहिलं नाही. तुझी पेटी खडकावर उघडी होती. मी त्यातला एक हिरवा सिकाडा उचलला. मासा वर आला. मी नोलीनचं नाव घेतलं आणि काठी उचलली. नऊ पौंड. तेवढा मासा मला आधी लागला नव्हता, नंतरही नाही.

मग मी तुझी माशी त्याच्या जबड्यातून काढली, दोर तोडून पाण्यात भिरकावली, तिच्या जागी माझी पिसांची माशी अडकवली आणि तुला हाक मारली. तू धावत आलास, माझ्यापेक्षा जास्त खूश होऊन फोटो काढलास. "कशावर आला रे?" "माझ्या माशीवर. आणखी कशावर?" आपण मासा सोडून दिला. तेवढ्यात, नेव्हिल, भोवऱ्यातून फिरत फिरत, पाठीवरचा नारिंगी तुकडा मिरवत ती तुझ्या बुटांपाशी आली. वीस वर्षं ज्या गोष्टीची थट्टा केली, नेमकी तीच मी विसरलो होतो. फोम बुडत नाही. तू वाकलास, ती उचललीस, वाकडा झालेला गळ बघितलास आणि ती खिशात टाकलीस. "चल," म्हणालास, "चहा घेऊ." एवढंच. तू त्या वेळी मला एक सणसणीत शिवी घातली असतीस, तर आजही मी दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येत राहिलो असतो.

नंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. फोटो क्लबच्या भिंतीवर लागला, खाली माझं नाव आणि माझ्या माशीचं. गेल्या मार्चमध्ये नोलीन गेली. मी चर्चपर्यंत आलो होतो. काच वर करून गाडीत बसून राहिलो. लोक बाहेर पडले, सगळ्यांच्या मागून तू आलास, काखेत तिचा कोट धरून, जणू तिनं तो जरा वेळ धरायला दिला होता. मी गाडी सुरू केली. घाईनं काठी उचलायची खोड माझी, पण तुझ्या बाबतीत मी उलटं केलं. इतका थांबलो, की पाण्यात काही उरलंच नाही.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, तू काठ्या विकून टाकल्यास, पेटीसुद्धा. म्हणजे ज्याला यापुढे माशी बांधता येणार नाही तो, ज्याला मासे धरायचे नाहीत त्याला, माशी पाठवतो आहे. ही बातमी मला पत्रकासाठी मिळाली असती तर काय मजा केली असती मी!

तरी पाठवतो. नाताळपासून अकरा झाले. हा अकरावा त्यातल्या त्यात सिकाड्यासारखा दिसतो. सोमवारी बारावा बांधायला बसलो तर कात्री उघडेना. डाव्या हातानं उजवी बोटं तिच्या कड्यांत घालून पाहिली, तरीही नाही. पेनाचे दिवसही आता थोडेच, म्हणून हे पत्र आजच. काल शेजारणीला घेऊन क्लबवर गेलो. फोटोखालची पट्टी काढली आणि नवी लावली. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलंय, पण वाचता येतं: 'नेव्हिलचा हिरवा सिकाडा. न विचारता घेतलेला.' माफी मागत नाही. ती मागायला तुझ्या दारात यावं लागेल, आणि तुझ्या दाराला चार पायऱ्या आहेत; माझे पायही आता अंगठ्याच्याच वाटेनं निघालेत. पाकिटात तुझी माशी आहे. एक घेतली होती, एक परत. सिंकमध्ये पाणी भरून तपासली आहे. तरंगते.

तुझाच,
रसेल