तिसऱ्यांदा काढलेला ड्रम

३ फेब्रुवारी २००४
ड्रम गायब! बियाणं चाळायच्या मशीनचा ड्रम — काल दिवसभर बसून कॉम्प्युटरवर काढला. सकाळी फाइल उघडली, होता. माप बघायला लेथकडं गेलो, दहा मिनिटांत परत — पडदा कोरा. घाबरून सेव्ह दाबलं. बंद करून उघडलं, तरी कोराच.
तेवढ्यात केबिनमध्ये एकच माणूस आल्ता. झाडपूस करणारा कचरूकाका.

४ फेब्रुवारी
त्याच फाइलीत, कोऱ्या जागेत पुन्हा काढला. शनिवारी उमा मॅडम औरंगाबादेहून येणार, त्यांना दाखवायचाय. वर्कशॉपचे मालक अप्पाराव शेठ म्हणले, "जमलं तर कॉम्प्युटरची खुर्ची तुझी. न्हाई तर लेथवर परत." आठवी नापासला कोण खुर्ची देतं! किनवटला आईला फोनवर सांगून बसलोय.
मॅडमनी रेघ, गोल अन् सेव्ह एवढंच शिकवलंय. बाकी बटणांना मी हात लावत न्हाई.
कचरूकाका सोळा वर्षांपासून इथं. कोणतीही मशीन चालू झाली की तिच्यावर फडकं मारायचं, मंग पाया पडायचं. लेथला, ड्रिलला, आता कॉम्प्युटरला पण. माउस तर भांड्यासारखा घासतो.
त्याचा भाचा आयटीआय करून घरी बसलाय — लेथवाला पुंजाराम सांगत होता. डोक्यात तेच फिरून राह्यलंय.

५ फेब्रुवारी
दुसरा पण गेला!
काकाला विचारलं, "माझ्या ड्रमला हात लावला का?"
"म्या कशाला लावू बापा? तुझ्या त्या उंदराला आंघोळ घातली फक्त."
पुंजाराम खो खो हसला. काका पण. हसून टाळणारा माणूस बराबर नसतो. सरळ शेठकडं गेलो. म्हणलं, भाच्यासाठी मुद्दाम करून राह्यला. शेठचा चेहराच बदलला — भाच्यासाठी काकानं चारदा शब्द टाकल्ता म्हणे.
बघा!

६ फेब्रुवारी
काकाला काढलं. गावाकडं, तीर्थपुरीच्या गाडीला जायच्या आधी माझ्याकडं आला. वाटलं, शिव्या घालतो. फडकं धुऊन, घडी करून आणल्तं. "घे. सकाळी फिरवत जा. इसरू नको." एवढंच.
हे काय नाटक? फडकं हुंगून पाहिलं. साबणाचा वास.
दिवसभर तिसरा ड्रम काढला. कोणी गायब केला न्हाई. म्हणजे माझंच बराबर होतं!

७ फेब्रुवारी
फाइल उघडली. ड्रम मधोमध. सोळा वर्षांचा रिवाज आपल्या हातून कशाला मोडा — फडकं घेतलं, माउसवर दाबून फिरवलं. मधलं चाक दाबलं गेलं. अन् डोळ्यांदेखत ड्रम सरकत सरकत पडद्याबाहेर!
मॅडम मागंच उभ्या. "घाबरू नकोस. ड्रम जागेवरच आहे, आपली नजर सरकली." त्यांनी एक बटण दाबलं. असेल नसेल ते सगळं पडद्यावर आणणारं.
तीन ड्रम. एका रांगेत. तिन्ही धडधाकट.
"अरे, एक सांगितला होता. तीन कशाला काढलेस?"
शेठ दारातच होते. मी म्हणलं, "हात बसावा म्हणून."
शेठनी पाठीवर थाप मारली.

८ फेब्रुवारी
खुर्ची माझी झाली. आईला फोन केला न्हाई. स्टँडवर जाऊन विचारून आलो — तीर्थपुरीची पहिली गाडी साडेसहाला.