लाल गाडी आणि खालचा प्लग

३ नोव्हेंबर

"नाव दामिनी ठेवलं म्हणून गाडी चालवता येत नाही वं, तू मागंच बस." लग्नानंतर आठव्या दिवशी, चार पाहुण्यांसमोर, माझ्या थोरल्या जाऊ शोभाताई मला असं म्हणाल्या. बावीस वर्षं झाली. मी ते केव्हाच विसरले आहे.

इलेक्ट्रिक दुचाकी घ्यायचं ठरवलं. कारण पर्यावरण. दुसरं काही नाही. हे कोराडीच्या वीज केंद्रात आहेत. म्हणाले, तुझ्या पर्यावरणासाठी आम्ही तिकडे कोळसा जाळून राहिलो. लायसन्स मागच्या महिन्यातच काढलंय, गुपचूप.

८ नोव्हेंबर

सदर बाजारातलं शोरूम. दोन गाड्या आवडल्या. एकीची बॅटरी काढून घरात नेता येते, पण ती फक्त करड्या रंगात. दुसरीची बॅटरी आत पक्की, गाडी मात्र लालभडक. आम्ही वर राहतो, शोभाताई खाली. करडा रंग खालच्या व्हरांड्यातून डोळ्यांत भरणार नाही.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, चार्जिंगची सोय? म्हटलं, घर आमचंच आहे. तिनं पुन्हा विचारलं, पण तळमजला ना? मी म्हटलं, लाल.

१५ नोव्हेंबर, सकाळी ९

गाडी आली. बॅटरी शंभर टक्के. संकल्प: हिवाळाभर रोज त्यांच्यासमोरून जायचं, मान ताठ, नजर समोर.

तीनदा गेले. शोभाताई उन्हात मेथी निवडत होत्या. मान वर नाही. या गाडीला आवाजच नाही. हे कोणी सांगायला नको होतं का? चौथ्यांदा हॉर्न दिला. त्या न बघता म्हणाल्या, आज काही नको गा.

मला भाजीवाला समजल्या.

१६ नोव्हेंबर

आज बघितलं. "कोनाची होय वं?" माझी, म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या.

त्या 'बरं'मध्ये जळफळाट होता. मला ऐकू येतो. ६८ टक्के.

१८ नोव्हेंबर

चार्जिंगसाठी वरच्या खिडकीतून वायर सोडली. चार फूट कमी पडली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जोड देऊ नका, तापते. नवी लाइन खाली आणायची तर ती शोभाताईंच्या भिंतीवरून जाईल, म्हणजे त्यांना विचारावं लागेल. विचारणार नाही. माझ्या ऑफिसातही चार्ज करू देत नाहीत.

खाली एकच प्लग आहे. त्यांच्या व्हरांड्यात. सहा वर्षांपूर्वी मीटर वेगळे झाले तेव्हा जिन्यातून मीच ओरडले होते, तुमच्या विजेचं एक युनिटही नको आम्हाला. छान जमलं होतं वाक्य. आजही मागे घेणार नाही. ३९ टक्के.

२० नोव्हेंबर, सकाळी

संकल्प: गाडी कमी चालवायची. फक्त गेट ते कोपरा. पण आज शोभाताईंकडे भिशी आहे, पाच वाजता बारा बायका व्हरांड्यात असतील. बरोबर पाचला मी गेटमधून आत शिरायला हवी. ऑफिसला गाडीनेच. १७ टक्के. सहज पुरेल.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी

मानकापूर चौकात बंद पडली. उन्हात पंधरा मिनिटं उभी. तेवढ्यात मागून शोभाताई, त्यांच्या त्या जुन्या पेट्रोलच्या स्कूटरवर, पायाशी समोशांची पिशवी.

"काहून थांबली वं?"

सहज, म्हटलं.

"सहज कोनी चौकात थांबते का? बस वर. हँडल सरळ धर." आणि आपला एक पाय माझ्या गाडीला लावून मला ढकलत निघाल्या. पूर्ण रस्ताभर. "ब्रेक नको मारू वं, माह्ये समोसे सांडतील."

पाचला गेटमधून शिरले. बाराही बायका होत्या. एकीनं टाळ्या वाजवल्या.

नोंद असावी: सगळा रस्ता मी पुढे होते आणि त्या मागे. शून्य टक्के.

२१ नोव्हेंबर

गाडी व्हरांड्याच्या पायरीशी उभी आहे. प्लगपासून दीड हातावर. वरून दिसतं.

हे म्हणाले, शोभावहिनींच्या पायाचा अंगठा सुजलाय, रात्रभर शेकत होत्या. मी म्हटलं, कोणी सांगितलं होतं ढकलायला. मग कपाटातून बाम काढून ठेवला. द्यायचा म्हणून नाही.

आता खाली जाते आहे. एका हातात चार्जर, एका हातात बाम. त्या नाहीच म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर जिन्यातून ओरडून नाही म्हटलं असतं. तरी वाक्य पाठ करून ठेवलं आहे:

ताई, तुमच्या विजेची तीन युनिटं द्याल का?