ओव्याचा दोष

४ जानेवारी, उदगीर
नांदेडहून जावयाचं पार्सल आलं. आत पांढरी डबी. कोळशाचा विषारी वायू खोलीत साचला की ती वाजते. मागोमाग आनंदराजचा फोन. मामा, बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी बाहेर काढा. ती निघेपर्यंत हे यंत्र तिथं लावा. म्हणालो, निश्चिंत राहा. या घरात माझा शब्द चालतो.
संकल्प: आजच बायकोला, कमलला, ठणकावून सांगायचं. शेगडी बंद.

संध्याकाळ
सांगितलं नाही. ती डिंकाचे लाडू वळत होती. हात गुंतलेल्या माणसाशी वाद घालू नये.

५ जानेवारी
यंत्र बैठकीत लावलं, टीव्हीच्या वर. तिथं लोकांना दिसतं. शेजारचा सिद्धराम आला. त्याला समजावलं, या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्यानं हात जोडले. मग देवच हाय की वीरण्णा, म्हणाला.
अडाण्यांपुढे विज्ञान बोलू नये.

६ जानेवारी
शिवकन्येनं विचारलं, अप्पा, बैठकीत कोण बाळंत झालंय? माहेरी आल्यापासून पोरीला जीभ फुटली आहे.
यंत्र तिच्या खोलीत नेलं. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी. थंडी फार. खिडकीच्या फटीत मी स्वतः आडतीच्या दुकानातलं गोणपाटाचं बारदान कोंबलं. थोड्या वेळात यंत्र केकाटलं. बाळ दचकून उठलं. कमल म्हणाली, गप करा ते कुत्रं, न्हाईतर दोघं बी भाईर व्हा.
निदान: यंत्र परदेशी. त्याला ओवा माहीत नाही.
सेल काढले. टीव्हीच्या रिमोटचे संपलेच होते.

८ जानेवारी
आनंदराजचा फोन. यंत्र वाजलं का? परवापासून एकदाही नाही, म्हणालो. शब्द न् शब्द खरा.
कमलशी उद्या बोलणार. आज सोमवार, तिचा उपास.

९ जानेवारी
शिवकन्येचं डोकं दुखतंय. मळमळतंय. अंगणात उन्हात बसलं की बरं वाटतं म्हणते. कमल म्हणाली, दृष्ट. मिरच्या ओवाळल्या. मी म्हणालो, मोबाइल. काढून घेतला. जरा वेळ तिच्याजवळ बसलो, तर माझंही डोकं जड. माझं विचारांनी होतं.
बाळ आज फार शहाणं. रडलंच नाही.

१० जानेवारी, सकाळ
बाळ दूध नीट ओढत नाही. शिवकन्या घाबरली आहे. आता कमलशी बोलणं भाग आहे. पण आधी पुरावा हवा.
मायलेकरं अंगणात तेल लावून घेतायत. खोली रिकामी. रिमोटचे सेल यंत्रात घातले. शेगडी पेटवली, ओवा न टाकता. बारदान जागेवर. दाराला आतून कडी. यंत्र गप्प राहिलं तर दोष ओव्याचा. मग कमलशी बोलायचंच कारण नाही.
वाजतंय.
ओवा नसताना वाजतंय. शेगडीच्या तळाला कालचा राहिला असणार.
थकेल थोड्या वेळानं. तोवर बाजेवर जरा पडतो. डोळे

११ जानेवारी, दवाखाना
नाकावर ऑक्सिजन.
यंत्र थकलं नाही. त्याच्या आवाजानं सिद्धराम धावत आला, खांद्यानं दार फोडून त्यानं मला ओढून काढलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, देवाला भेटून आले वीरण्णा.
डॉक्टरांनी शिवकन्येला आणि बाळालाही तपासलं. दोघं आता ठीक. बाळ वॉर्डभर ऐकू जाईल असं रडतंय. शिवकन्या माझ्याकडं बघत नाही.

१३ जानेवारी, घरी
शेगडी गोठ्यात गेली. कमलनं स्वतः पाणी ओतून विझवली म्हणे. खिडकी उघडी. यंत्र शिवकन्येच्या उशाशी भिंतीवर, वर हळदकुंकवाची बोटं.
आनंदराजचा फोन. मी उचलला, तर म्हणाला, मामींना द्या. कमल त्याला म्हणाली, यंत्र झकास हाय जावईबापू. माणूस बदलून देतेत का, तेवढं इचारून बघा.
असो. शेगडी बंद झाली. शेवटी शब्द माझाच चालला.
रिमोट चालत नाही.